शिवशरण टेलरची मान आणि बलभीमचं इंजेक्शन

"सुईला भ्यायचं कुणी? ज्यानं ती कधी हातात धरली न्हाय, त्यानं!"

नळदुर्गात बसस्टँडकडून किल्ल्याकडं निघालं की डाव्या हाताला शिवशरणचं लेडीज टेलरिंगचं दुकान लागतं. त्या आठवड्यात या दुकानात ब्लाऊज टाकायला आलेल्या प्रत्येक बाईला हे वाक्य ऐकावं लागलं. काही जणींनी तर दोनदा ऐकलं, कारण त्यांचं अस्तर घरी राहिलं होतं.

"मानंतच टोचणार म्हणं, अण्णा?" एखादी विचारायची.

"मानंत टोचू दे न्हायतर टाळूत! बत्तीस वर्षं सुईसंगं संसार केलाय म्या!"

यावर मशीनच्या पलीकडं बसून हूक लावणारी त्याची बायको गंगम्मा मान वर न करता म्हणायची, "व्हय. माझ्यासंगं अठ्ठावीसच."

शिवशरणची मान ही नळदुर्गात सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. बत्तीस वर्षं मशीनवर वाकून वाकून उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत एक शीर अशी काही आखडली होती, की खांद्यावर बोट दाबलं तर आत सुपारीएवढी गाठ लागायची आणि शिवशरण "शिवा शिवा!" म्हणून जागेवरच अर्धा फूट उडायचा. मान उजवीकडं वळणं तर कधीच बंद झालं होतं. उजवीकडचं काही बघायचं तर अख्खा माणूस वळवावा लागे, हायवेवर ढाब्यापुढं कंटेनर वळवतात तसा. मागं कुणीतरी उभं राहून "हं, येऊ दे, येऊ दे," म्हणायचं तेवढं बाकी होतं.

इथवर ठीक होतं. पण मागच्या महिन्यात त्यानं तलाठ्याच्या बायकोच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. उजवी बाही उजवीकडं ठेवली होती आणि उजवीकडं बघायला तो वळलाच नव्हता! बाई तसाच ब्लाऊज घालून दुकानात आल्या आणि उजवा हात हवेत धरून म्हणाल्या, "अण्णा, ह्यो हात आता कुठं ठिवू?"

त्या दिवशी शिवशरणला जेवण गेलं नाही. तो गमतीत काही का बोलेना, आपल्या हाताला यश आहे, यातच त्याचा खरा जीव होता. आणि त्यातच बेंबळीच्या द्वारकाबाईंनी लेकीच्या लग्नाचे एकवीस ब्लाऊज टाकायचं नक्की केलं होतं. एकवीस! त्यात सात आरीवर्कच्या भरतकामाचे. दोन डाव्या बाह्यांची बातमी बेंबळीपर्यंत गेली असती, तर दुकानाला कुलूपच लावावं लागलं असतं.

तेवढ्यात गावातल्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टर हर्षाली आल्या. व्यायामानं दुखणं बरं करणाऱ्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या डॉक्टर. पुढच्या शिक्षणासाठी त्यांचा एक अभ्यास चालू होता. मान-खांद्याच्या जुन्या दुखण्याला इंजेक्शन चांगलं की व्यायाम चांगला, हे त्यांना मोजून बघायचं होतं. साठ माणसं घ्यायची. तीस जणांना आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, थेट त्या गाठीत. तीस जणांना सहा आठवडे व्यायाम. औषधोपचार फुकट.

"मला इंजेक्शनच पायजे," पहिल्याच दिवशी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं शिवशरण म्हणाला. "व्यायाम-बियाम रिकाम्या माणसाचं काम हाय!"

"काका, मागून नाही मिळत," डॉक्टर हर्षाली हसून म्हणाल्या. "पाकीट उचलायचं. आत जे निघेल ते. माणसाला हवं ते दिलं, की त्याचं मन आधीच बरं होतं. मग औषधानं बरं वाटलं का मनानं, हे मला कसं कळणार?"

त्यांनी एक तीन पानी कागद दिला. शिवशरणनं तो मान डोलवत, म्हणजे अख्खा डोलत, चाळला आणि तिसऱ्या पानावर सही ठोकली. काउंटरवरच्या बाईनं नाव, फोन नंबर लिहून घेतला. मग त्यानं पाकीट उचललं. उचलताना मनातल्या मनात तो बसवण्णाला काय म्हणत होता हे कुणाला सांगायचं नाही, पण सांगतोच. तो म्हणत होता, "बसवण्णा, व्यायाम निघू दे!"

कारण शिवशरण सुईला भीत होता. साधंसुधं नव्हे. लहानपणी शाळेत लस टोचायला आले की तो मागच्या भिंतीवरून उडी मारून थेट बोरी नदी गाठायचा. शिवायची सुई वेगळी. तिचं टोक कापडाकडं असतं!

पाकीट उघडलं. आत लिहिलं होतं : इंजेक्शन.

"निघालं की वो!" गंगम्मा कौतुकानं म्हणाली. "तुमच्या मनासारखं झालं."

त्याच वेळी समोरचं दार अर्धवट उघडलं आणि आत सुई टोचणारे डॉक्टर श्रीशैल इंजेक्शन भरताना दिसले. ती सुई शिवशरणनं पाहिली. पोती शिवायच्या दाभणाची ती सख्खी धाकटी बहीण असावी, असं त्याला वाटलं. त्याच्या कानात मशीन चालल्यासारखा आवाज सुरू झाला.

"तू... तू हो पुढं," तो गंगम्माला म्हणाला. "दुकान उघड. मी टोचून घिऊन येतो."

ती गेली आणि हा मागच्या दारानं बाहेर पडला. तिथं चहाच्या टपरीवर बलभीम बसला होता, कपाळाला आठ्या घालून.

बलभीमनं तीस वर्षं सोलापूर-हैदराबाद रोडवर ट्रक चालवला होता. आता शेत बघायचा, म्हणजे बांधावर बसून बघायचा. त्याचीही मान गेलेली, आणि तीही उजवीकडनंच. दोघं शाळेपासूनचे मित्र. एकमेकांना नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. हा त्याला डायवर म्हणे, तो याला टेलर.

"काय निघालं, डायवर?"

"व्यायाम!" शिवी द्यावी तसं बलभीम म्हणाला. "दिवसातनं तीन बार! तीस वर्षं स्टेरिंग वढलं ते काय कमी झालं व्हय? मला वाटलं, एक सुई घ्यावी, गप घरी जावं."

शिवशरणनं त्याच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही, दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरले. बलभीम ओरडला, कारण दुखरा खांदा त्यात आला.

"डायवर, मला इंजेक्शन निघालंय."

"मग? आता जखमंवर मीठ चोळायला आलायस का?"

"तू घे की."

बलभीमनं कपातला चहा बशीत ओतला, बशीतला पुन्हा कपात ओतला. मग त्याच्या ध्यानात आलं.

"पर नाव तर लिवलं की त्या बाईनं. कागदावर शिवशरण, इंजेक्शन. बलभीम, व्यायाम. नाव कसं बदलायचं?"

"नाव न्हाय बदलायचं, खुळ्या. माणूस बदलायचा!"

आणि दहा मिनिटांत बलभीम 'शिवशरण' म्हणून आतल्या टेबलावर पालथा झोपला, आणि शिवशरण 'बलभीम' म्हणून मागच्या हॉलमध्ये डॉक्टर हर्षालींपुढं उभा राहिला. सकाळपासून पंचवीस माना तपासलेल्या त्या बाईला कोणती मान कुणाची हे आठवणं शक्यच नव्हतं. दोघांनाही वाटलं, जगात आपल्याइतके हुशार आपणच!

दुसऱ्या दिवशी बलभीम दुकानात आला तो मान टेबलफॅनसारखी फिरवत.

"बघ टेलर! हिकडं बघ, तिकडं बघ! काय दवा हाय! सुई आत गेली, गाठीनं एक झटका दिला आन् खलास!"

शिवशरणला हसू आलं नाही. पहिल्या दिवसाच्या व्यायामानंतर त्याला मान तर दुखत होतीच, शिवाय पाठीत, बरगडीत आणि आपल्याकडं आहेत हेच ठाऊक नसलेल्या तीन-चार ठिकाणी दुखायला लागलं होतं.

घरी मात्र त्याची चंगळ होती. गंगम्माला तो इंजेक्शन घेऊन आलेला वाटत होता. "दुखलं का वो?" तिनं विचारलं.

"छट! डॉक्टरच घाबरला. म्हणला, काका, एवढं गप पडलेलं माणूस म्या बघितलंच न्हाय."

मग काय! दोन वेळा गरम पाण्याची पिशवी. भाकरीवर तुपाची धार. पाण्याची घागर उचलायला बंदी. ही सगळी सेवा घेताना शिवशरणला थोडी लाज वाटायची, पण तूप चांगलं होतं.

अडचण फक्त एक. व्यायाम दिवसातून तीनदा करायचा : अकराला, दोनला, पाचला. वेळ चुकवायची नाही. शिवशरणचा स्वभाव एका बाबतीत सरळ होता. काम घेतलं की तो ते मापात करायचा. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, हनुवटी मागं दहा वेळा, तर तो अकरावी करायचा नाही आणि नववीवर थांबायचा नाही. त्यानं मोबाइलला गजर लावला. गंगम्मा घरी जायची ती अकराला, स्वयंपाकाला. दोनला ती जेवून पडायची. पाचला भाजी आणायची. देवानंच वेळापत्रक आखलं होतं!

पाचव्या दिवशी अकराला द्वारकाबाई आल्या. बेंबळीहून खास जीप करून, सोबत एकवीस कापडांचं गाठोडं. त्यांनी ते मशीनवर ठेवलं आणि त्याच क्षणी गजर वाजला. शिवशरणनं विचार केला, ऐकता ऐकता करता येईल की.

"टेलर, आमाला हे समदं वीस तारखेपत्तूर पायजे. देताल न्हवं?"

शिवशरणनं मान सावकाश डावीकडं नेली. पाच आकडे मोजले. सावकाश उजवीकडं नेली, जाईल तेवढीच.

"न्हाय?" द्वारकाबाईंचा आवाज चढला. "का? दुसऱ्याचं घेतलंय का आमच्या आधी?"

शिवशरणनं दोन्ही खांदे कानापर्यंत उचलले आणि सोडून दिले. व्यायाम क्रमांक दोन.

"तुमालाच ठाव न्हाय? अवो, माझ्या लेकीचं लगीन हाय! गंमत वाटली का?"

व्यायाम क्रमांक तीन म्हणजे हनुवटी आत ओढून मान मागं घ्यायची. समोरून बघणाऱ्याला असं वाटतं, की या माणसाला आपला वास येतोय.

द्वारकाबाई दोन पावलं मागं सरकल्या. त्यांचा चेहरा लाल झाला. "लई ऐकलं होतं बाई तुमच्या हातचं! पर एवढी घमेंड? तोंडानं नको म्हणायची सुद्दा दानत न्हाय!" त्यांनी गाठोडं काखेत मारलं आणि जीप सुरू झाली.

शिवशरण दहापैकी सातव्या वेळेवर होता. "आक्का! आक्का, थांबा!" करत तो रस्त्यावर धावला, पण जीप उजवीकडं वळली आणि उजवीकडं बघायला तो अख्खा वळेपर्यंत ती बसस्टँडपर्यंत गेलेली होती.

गंगम्माला काय सांगायचं? "रंग जुळंना म्हणून गेल्या," असं तो म्हणाला. एकवीसच्या एकवीस कापडांचा रंग? असं ती म्हणाली नाही, पण तिनं बघितलं तसंच.

त्यानंतर त्यानं व्यायाम माप घ्यायच्या खोलीत, पडद्याआड करायचं ठरवलं. तिथंच सगळ्यात अवघड प्रकार होता. पाठ, डोकं आणि दोन्ही हात भिंतीला टेकवायचे, कोपरं वाकवलेली, तळवे पुढं, आणि हात सावकाश वर सरकवायचे. डोळे मिटून केलं तर बरं जमायचं.

एका दुपारी दोनला गंगम्मा झोपली नाही. धाग्याचं रीळ घ्यायला दुकानात आली. दुकान रिकामं. तिनं पडदा सारला. आत तिचा नवरा भिंतीला चिकटून, दोन्ही हात वर, डोळे गच्च मिटलेले, ओठ पुटपुटताहेत : "सात... आठ..."

"अय्यो देवरे!" ती किंचाळली. "कोण हाय आत? काय नेलं?"

शिवशरणनं डोळे उघडले, पण हात खाली घेतले नाहीत. दहा व्हायचे होते.

"कुणी न्हाय गं."

"मग हात कशाला वर?"

आता इथं खरं सांगितलं असतं, तर गोष्ट संपली असती. पण बारा दिवसांचं तूप डोळ्यांपुढं आलं. तो म्हणाला, "ते... इंजेक्शननं जरा असं व्हतंय. हात आपोआप वर जातेत."

गंगम्मा मटकन स्टुलावर बसली. तिनं पदर तोंडाला लावला. मग हळूहळू तिला सगळं आठवायला लागलं. परवा हे जेवताना हनुवटी आत ओढत होते. काल आरशापुढं खांदे उडवत होते. द्वारकाबाई एकवीस कापडं घेऊन अशाच नसतील गेल्या! तिनं डोळे पुसले. "डोक्यात चढलंय ते औषध. पुढच्या बारीला मी येते दवाखान्यात. इचारते त्या डॉक्टरला, माझ्या माणसाला काय टोचलं म्हणून!"

"तू कशाला? डॉक्टर बायकांना आत घेत न्हाईत."

"घेतील," गंगम्मा म्हणाली.

तिकडं बलभीमचंही बरं चाललं नव्हतं. दवाखान्यातून दर सोमवारी फोन जायचा, व्यायाम करताय ना म्हणून. तो जायचा कागदावर लिहिलेल्या नंबरवर, म्हणजे बलभीमच्या घरी. तो उचलला त्याच्या बायकोनं, विठाबाईनं!

"तिनं व्यायामाचा कागद मागून घेतला की रं दवाखान्यातनं," बलभीम टपरीवर रडकुंडीला येऊन सांगत होता. "चिकटवला देवघराशेजारी. आता रोज काठी घिऊन समोर बसती आन् मोजती! सुई पण म्याच घ्यायची, व्यायाम पण म्याच करायचा? तुला काय नुसतं तूप?"

"आरं, मी करतोय की व्यायाम!"

"करतोस, पर माझ्या नावावर जमा होतोय! माझा केलेला कुठं जमा होतोय सांग!"

दोघांनी ठरवलं, तिसरं इंजेक्शन झालं की मिटलं. एकच दिवस निभवायचा.

तो दिवस उजाडला. शिवशरणनं पोटात दुखतंय म्हणून बघितलं. गंगम्मानं ओवा दिला आणि चपला घातल्या. दवाखान्यात वीसेक माणसं बसली होती, त्यात त्याच्याकडं ब्लाऊज टाकणाऱ्या चार तरी बायका. शिवशरण भिंतीकडं तोंड करून बसला. बलभीम कुठं दिसत नव्हता. आला नसावा! देव पावला!

आतून नर्सबाईंचा आवाज आला, "शिवशरण! कोण आलंय शिवशरणबरोबर?"

"आलोय, आलोय!" गंगम्मानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि दारापर्यंत नेलं. नर्सबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग शिवशरणकडं.

"यांना कुठं आणता? हे शिवशरण नाहीत. शिवशरणकाका आत झोपलेत. त्यांची रिक्षा थांबवायची का, ते विचारायचं होतं."

गंगम्माला वाटलं, औषधाचा परिणाम नर्सवर पण झाला. "बाई, अठ्ठावीस वर्षं मी ह्यांना भाकरी करून घालती. हेच शिवशरण!"

"छे हो! हे बलभीमकाका. व्यायामाला येतात."

तेवढ्यात मागच्या हॉलमधून डॉक्टर हर्षाली आल्या. शिवशरणला बघून त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा! बलभीमकाका, आज काकूंना घेऊन आलात? काकू, तुमच्या बलभीमकाकांसारखा पेशंट मी पाहिला नाही. एक दिवस चुकले नाहीत. तुम्ही फार नशीबवान आहात!"

"माझे बलभीम?" गंगम्मा म्हणाली.

बाकावर कुणाचा तरी मोबाइल वाजत होता, तो त्यानं बंद केला.

गंगम्मा सरळ आत गेली आणि तिनं पडदा सारला. टेबलावर एक माणूस पालथा पडला होता, उजवा खांदा उघडा. डॉक्टर श्रीशैल सुई घेऊन उभे होते.

"भाऊजी?"

टेबलावरच्या माणसानं मान वळवली. फार छान वळली. "वैनी," बलभीम म्हणाला, "तुमी कशाला तरास घेतला?"

डॉक्टर श्रीशैल सुई तशीच वर धरून म्हणाले, "एक मिनिट. मग हे इंजेक्शन कुणाचं?"

बलभीमनं शिवशरणकडं बोट दाखवलं. शिवशरणनं बलभीमकडं.

पुढची पाच मिनिटं फार वाईट गेली. डॉक्टर हर्षालींनी दोघांना हॉलमध्ये बाकावर बसवलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या आपल्या वहीतली दोन पानं बघत राहिल्या. पहिल्या दिवसापासून मोजलेले आकडे, मान किती वळली, दुखणं किती, सगळं नीट रेघा मारून लिहिलेलं.

"बलभीमकाका, म्हणजे खरे बलभीमकाका, तुम्हाला शुगर आहे?"

"हाय थोडी."

"यांच्या कागदावर 'नाही' लिहिलंय. आम्ही ते बघून सुई दिली. उद्या काही झालं असतं म्हणजे?" मग त्या शिवशरणकडं वळल्या. "आणि मी लिहून बसले असते, की शिवशरणला इंजेक्शननं गुण आला. ते वाचून कुठला तरी डॉक्टर कुणाला तरी टोचणार, काका. माझ्यावर विश्वास ठेवून. दीड वर्ष झालं मी हे करतेय."

शिवशरणनं खाली बघितलं. चुकीचं माप घेऊन कापड कापल्यावर गिऱ्हाइकापुढं उभं राहताना व्हायचं, तसं त्याला झालं. ते कापड परत जोडता येत नाही. दारात गंगम्मा उभी होती, तिच्यामागं त्याच चार बायका. तो हळू बोलायला गेला, पण आवाज मोठाच निघाला.

"मॅडम, मला सुईचं भ्या वाटतंय. लहानपणापासनं. लोकांपुढं म्हणायची लाज वाटली."

कुणी हसलं नाही. निदान लगेच नाही.

डॉक्टर हर्षालींनी वही मिटली. "मग नको म्हणायचं होतं."

"तसं चालतंय व्हय?"

त्यांनी तो तीन पानी कागद काढला, पहिलं पान वर घेतलं आणि बोट ठेवून वाचलं : "'आपण कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न सांगता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता.' पहिली ओळ आहे काका. मोठ्या अक्षरात."

बलभीमनं शिवशरणकडं बघितलं. "टेलर, तू हे वाचलं नव्हतंस?"

"तू वाचलंस?"

"मी तर सही पण तुझी बघून केली!"

दोघांनाही अभ्यासातून काढलं. जाताना डॉक्टरबाईंनी दोघांच्या माना एकदा मोजल्या, म्हणाल्या, "लिहिणार नाही, पण बघते तरी." बलभीमची जास्त वळत होती. शिवशरणची कमी, पण पहिल्या दिवसापेक्षा जास्त. "व्यायाम सोडू नका," त्या एवढंच बोलल्या.

त्या दिवशी भाकरीवर तूप नव्हतं. भाकरीबरोबर कालवणही जपूनच होतं. जेवण झाल्यावर तिनं द्वारकाबाईंना फोन लावला आणि जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. शिवशरण बाहेर ओट्यावर बसून ऐकत होता. मग फोनमधून इतका मोठा हसायचा आवाज आला, की ओट्यापर्यंत ऐकू गेला. ते हसणं बराच वेळ थांबेना.

तिसऱ्या दिवशी जीप दारात उभी राहिली. "तुमच्याकडंच टाकते, टेलर," पदरानं डोळे पुसत द्वारकाबाई म्हणाल्या. "दुसऱ्यानं पहिलाच ब्लाऊज पोरीला अंगात जाईना असा शिवला. पर आता तेराच दिवस राह्यले. देताल?"

शिवशरणनं मान वरून खाली हलवली. जपून, एकदाच. कुणाचा गैरसमज नको.

ते तेरा दिवस तो मशीनवर बसला तो फक्त जेवायला आणि अकरा, दोन, पाचला उठला. आता पडद्याआड जायची गरज नव्हती. माप द्यायला आलेल्या बायका त्याच्यासमोर उभं राहून आकडे मोजायच्या आणि नववीवर थांबला की ओरडायच्या. सातव्या दिवशी आरीवर्कची उजवी बाही लावताना त्यानं उजवीकडं बघितलं आणि त्याचा हात थबकला. फक्त मान वळली होती! बाकीचा माणूस जागेवरच होता. त्यानं परत समोर बघितलं, परत उजवीकडं. असं तो चार वेळा करत राहिला. गंगम्मानं हूक लावता लावता ते बघितलं आणि संध्याकाळी भाकरीवर तुपाची एक बारीक धार सोडली. एकवीस ब्लाऊज एकोणीस तारखेला बेंबळीला पोचले. सगळ्या बाह्या जिथल्या तिथं.

बलभीमची मान दीड महिना फिरली. मग विठाबाई माहेरी गेली, बलभीमनं व्यायाम सोडला आणि गाठ पुन्हा जागेवर आली. "सुई गाठीला झटक्यात उठवती रं," तो म्हणाला, "पर हाकलून देत न्हाय." विठाबाई परत आली ती काठी घेऊनच.

वर्षभरानं डॉक्टर हर्षाली पेढे घेऊन दुकानात आल्या. अभ्यास पूर्ण झाला होता, त्याचं जाड काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक झालं होतं. योगायोगानं द्वारकाबाई तिथंच होत्या, धाकटीचे ब्लाऊज घेऊन.

"काय निघालं मॅडम शेवटी?" शिवशरणनं विचारलं. "सुई का व्यायाम?"

"सुईनं पहिल्या आठवड्यात लवकर आराम पडतो. सहा आठवड्यांनी व्यायामवाले बरोबरीला आले, थोडे पुढंच. दोन्हींची जागा वेगळी आहे."

"आन् आमचं? आमचं काय आलंय का त्यात?"

डॉक्टरबाईंनी पान काढलं. इंग्रजी होतं, त्यांनी मराठीत सांगितलं : "साठपैकी दोन व्यक्तींना नियमभंगामुळे वगळण्यात आले."

शिवशरणनं ते पुस्तक दोन्ही हातांत घेतलं. ज्या ओळीवर बोट होतं, तिथं त्यानंही बोट ठेवलं. त्याचा चेहरा उजळला.

"ऐकलं का आक्का? 'दोन व्यक्ती.' एक बलभीम आन् एक मी! मोठमोठाले डॉक्टर वाचणार हे! पुस्तकात आलंय आमचं!"

"काय आलंय म्हणं?" द्वारकाबाईंनी न कळून गंगम्माला विचारलं.

गंगम्मानं दातानं धागा तोडला.

"हे त्यात न्हाईत, असं आलंय."